कॅसेटवरचा आवाज नेमका कुणाचा? घरगुती रेकॉर्डिंगमधल्या ‘लेव्हल’चा इतिहास आणि माझ्या दोन चुका



गेल्या वर्षी मी माझ्या थिसिसमधली साडेतीन पानं कापून टाकली. गाईड मॅडमनी सांगितलं म्हणून नाही, तर एका स्टीलच्या पेल्यामुळे. तुमच्यापैकी जे आत्ता सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत आणि जुनी रेकॉर्डिंग्ज, मुलाखतींच्या कॅसेट किंवा घरगुती टेप ‘साधन’ म्हणून वापरणार आहेत, त्यांनी ही गोष्ट आधीच ऐकलेली बरी. मला ती उशिरा कळली.

माझा विषय आहे खाजगी मैफली, म्हणजे लोकांच्या घरी झालेली आणि श्रोत्यांनीच टेप केलेली गाणी. मिरजेजवळच्या एका घरातून मला १९८३ सालच्या मैफलीची कॅसेट मिळाली. गायक आता हयात नाहीत. मी ती कॅसेट निदान पंधरा वेळा ऐकली आणि एक निष्कर्ष काढला: या गायकांच्या गाण्यात आवाजाचा लहान-मोठेपणा जवळजवळ नाही. आलाप आणि तान एकाच पातळीवर. त्यावरून पुढे ‘मायक्रोफोनच्या सवयीमुळे गायनातली आवाजाची चढउतार कशी सपाट झाली’ असा थेट सिद्धान्तच मांडला. सॉफ्टवेअरमधून ग्राफही काढला होता. ग्राफ असला की आपल्याला उगाच जास्त खात्री वाटते.

ज्यांच्या घरी मैफल झाली त्या काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “छे छे, काहीतरीच काय! अगं, सुरुवातीला ते इतकं हळू गायले, की आम्ही पंखा बंद केला.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वीची आठवण आहे, टेप तर माझ्या हातात आहे. थिसिसमध्ये तळटीप टाकली: ‘श्रोत्यांच्या स्मृती मात्र वेगळे सांगतात.’

मग एका रात्री हेडफोन लावून ऐकताना तो पेला पडला. रेकॉर्डिंगमध्ये, कुणाच्या तरी हातून. ठण्ण! आणि पुढच्याच क्षणी तानपुरा, गायकाचा लांबवलेला षड्ज, खोलीतली कुजबुज, सगळंच एकदम खाली गेलं आणि तीन-चार सेकंदांत हळूहळू परत वर आलं. पेला पडला म्हणून गायक दचकून थांबेल, हे समजू शकतं. पण तानपुरा का दबेल? तानपुऱ्याला पेल्याशी काय देणंघेणं?

ते उत्तर शोधताना मला ‘लेव्हल’ या एका शब्दाचा सगळा इतिहास वाचावा लागला. तो थोडक्यात सांगते.

भोंग्यासमोरचं अंतर

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, अँप्लिफायर नव्हता. गायकाच्या आवाजाची जी काही ताकद असेल तीच भोंग्यातून पडद्यावर आदळायची, पडदा हलला की सुई हलायची आणि मेणावर खाच उमटायची. आवाज कमी-जास्त करायचं बटणच नव्हतं. लेव्हल ‘सेट’ करायची म्हणजे गायकानं भोंग्यापासून किती लांब उभं राहायचं ते ठरवायचं. जोरात स्वर लावताना मागं सरायचं, हळू गाताना तोंड जवळ न्यायचं. हे जमलं नाही तर एकतर सुई भलतीकडे उडायची, नाहीतर काही उमटायचंच नाही.

यातून काय निसटलं, याचा विचार करा. तानपुऱ्यासारखं नाजूक वाद्य जेमतेम ऐकू यायचं. गायकाला जेमतेम तीन मिनिटं आणि एकच पट्टेदार आवाज ठेवावा लागायचा. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या रेकॉर्ड दोन काळातल्या आहेत: १९०५च्या सुमारास भोंग्यासमोर केलेल्या आणि १९३०च्या दशकात मायक्रोफोनसमोर केलेल्या. दोन्हींतला आवाज ऐकून ‘खाँसाहेबांची गायकी अशी बदलली’ असं म्हणायचा मोह होतो. बदलली असेलही. पण मधल्या काळात यंत्र बदललं होतं, ही गोष्ट आधी बाजूला काढल्याशिवाय ते वाक्य लिहिता येत नाही.

काटा आला

१९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. आवाजाचं रूपांतर विद्युत्प्रवाहात झालं आणि तो प्रवाह वाढवता-कमी करता येऊ लागला. अंतराच्या जागी बटण आलं आणि बटण फिरवणारा माणूसही आला. हा माणूस बहुधा दुसऱ्या खोलीत असायचा. त्याला कळणार कसं, की आवाज किती जातोय? त्यासाठी काटा हवा.

अमेरिकेत रेडिओ कंपन्यांची अडचण वेगळीच होती. प्रत्येकाचा काटा आपापला. इकडून ‘ठीक’ म्हणून पाठवलेला कार्यक्रम तिकडे ‘जास्त’ दिसायचा. म्हणून बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून १९३९ मध्ये एक प्रमाणित मीटर ठरवला. तोच तो व्हीयू मीटर. जुन्या टेप डेकवर पिवळट चेहऱ्याचा, उजवीकडे लाल पट्टा असलेला काटा पाहिला असेल ना? तो.

आता इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. व्हीयूचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला आहे. आवाज आल्यावर जागेवर पोचायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो साधारण सरासरी दाखवतो, माणसाच्या कानाला आवाज किती ‘भरलेला’ वाटतो त्याच्या जवळ जाणारी. पण तबल्याची थाप काही मिलिसेकंदांत शिखर गाठून खाली येते. काट्याला ती पुरती दिसतच नाही. काटा शून्यावर असतो तेव्हा थापेचं टोक त्याच्या १० डेसिबल वर, कधी त्याहूनही वर गेलेलं असतं. युरोपात याउलट टोकं पकडणारे चपळ मीटर वापरात होते, १० मिलिसेकंदांच्या आसपास प्रतिसाद देणारे. म्हणजे एकच तबला, दोन मीटर, दोन वेगळे आकडे. कुठलाही जुना आकडा वाचताना ‘कुठल्या काट्यावर?’ हे विचारायचं ते यासाठी.

टेप घरात आली

घरगुती रेकॉर्डिंग आपल्याकडे आधी स्पूलवर व्हायचं, पण ते हौशी आणि ऐपतदार लोकांचं काम होतं. चित्र बदललं कॅसेटमुळे. फिलिप्सनं १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट आणली. भारतात तिचा खरा पसारा १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि १९८०च्या दशकात झाला. आखातात कामाला गेलेली माणसं परतताना टू-इन-वन घेऊन यायची. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या पुस्तकात उत्तर भारतातल्या या काळाचं तपशीलवार वर्णन आहे. संगीत विषय नसला तरी वाचा, साधन-सामग्री आणि समाज यांचा संबंध कसा मांडावा याचा तो चांगला नमुना आहे.

कॅसेटची अडचण तिच्या मापातच आहे. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप याहून रुंद असते आणि चार ते आठ पट वेगानं पळते. कॅसेट अरुंद आणि संथ, म्हणून तिच्यावर सतत ‘स्स्स’ असा आवाज असतो. खाली ही सळसळ आणि वर आवाज फाटण्याची हद्द, या दोन भिंतींमधली जागा साध्या कॅसेटवर ५० डेसिबलच्या आसपास. १९६८ मध्ये आलेल्या डॉल्बी बी पद्धतीनं सळसळ थोडी दाबली, पण जागा अरुंदच राहिली.

म्हणून त्या काळातला सल्ला असा होता: लेव्हल जितकी वर नेता येईल तितकी न्या, काटा मधूनमधून लाल पट्ट्याला शिवला तरी चालेल. हा सल्ला अगदी योग्य होता, कारण टेप माफ करते. चुंबकीय टेप भरत आली की आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू जाडसर होत जातो. कमी लेव्हल ठेवण्याची शिक्षा मात्र कायमची, कारण पुढे आवाज वाढवला की सळसळही वाढते.

पण मैफल ऐकायला बसलेल्या माणसानं काट्याकडे बघायचं की गाण्याकडे? यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. आतमध्ये माईक असलेल्या बहुतेक लहान टेपरेकॉर्डरमध्ये तो असायचा. काम सोपं: मोठा आवाज आला की यंत्र झटकन लेव्हल खाली ओढतं, शांतता झाली की काही सेकंदांत हळूहळू वर नेतं. यंत्राच्या दृष्टीनं आदर्श रेकॉर्डिंग म्हणजे सगळं एकाच उंचीवर.

आला ना पेला लक्षात? ठण्ण आवाज झाला, यंत्रानं लेव्हल खाली ओढली, तानपुरा बुडाला आणि तीन-चार सेकंदांत वर आला. गायकांनी हळू आलाप केला तेव्हा यंत्रानं तो वर उचलला. जोरात तान घेतली तेव्हा खाली दाबली. मी ज्याला ‘गायकाची सपाट आवाजपद्धत’ म्हणत होते ती एका टू-इन-वनची पद्धत होती. काकांची आठवण बरोबर होती. चुकीचं ऐकत होते ते मी.

चार ट्रॅक, एक घर

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९७९ मध्ये टीॲक कंपनीनं टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४ आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, वेग दुप्पट, आणि मुख्य म्हणजे लेव्हल प्रत्येकानं आपल्या हातानं लावायची. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतल्या घरी या यंत्रावर गाणी टेप केली, पुढे बँडला शिकवण्यासाठी कच्ची नोंद म्हणून. नंतर बँडबरोबर केलेली रूपं मनासारखी वाटली नाहीत, म्हणून ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ नावानं त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. घरातल्या कॅसेटवरचा तो आवाज तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांना बरेच प्रयत्न करावे लागले. घरी सहज लावलेली लेव्हल पुढे इतिहासाचा भाग होते, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात असतं?

डिजिटल: जुना सल्ला, नवं यंत्र

आता माझी दुसरी चूक. ती जास्त महाग पडली.

त्याच घरातली दुसरी कॅसेट चांगल्या डेकवर केलेली होती, लेव्हल हातानं लावलेली. ती कॉम्प्युटरवर घेताना मी जुनं मॅन्युअल वाचून बसले होते: लेव्हल शक्य तितकी वर. पहिली दहा मिनिटं आलाप होता. त्यावर मी लेव्हल लावली, शून्याच्या अगदी खाली. मग तबला आला, पुढे द्रुत. प्रत्येक थापेचं टोक छाटलं गेलं. ‘ठीक आहे, परत करू,’ म्हणून कॅसेट पुन्हा लावली, तर टेप डेकमध्ये गुंतली आणि मधला तुकडा चुरगळून तुटला. त्या मैफलीची अकरा मिनिटं आता जगात फक्त माझ्या फाटक्या फाईलमध्ये आहेत.

डिजिटलमध्ये शून्य ही भिंत असते. टेपसारखं हळूहळू जाड होणं नाही. शून्याच्या वर आकडाच नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत आणता येत नाही.

मग तो जुना सल्ला डिजिटलमध्ये शिरला कसा? कारण सुरुवातीला तो थोडाफार खरा होता. १९८२ ची सीडी आणि त्या काळातली बहुतेक डिजिटल टेप-यंत्रं १६ बिटची. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटला ९६. लेव्हल फार खाली ठेवली तर बिट वाया जात. २४ बिट आल्यावर हिशेब बदलला: कागदावर १४४ डेसिबल, चांगल्या उपकरणात प्रत्यक्षात ११०च्या आसपास. आता गणित करा. कॅसेटवर माल ५० डेसिबलचा. तुम्ही शिखरं शून्याच्या १८ डेसिबल खाली ठेवली तरी ११० मधून १८ गेले, ९२ उरले. पन्नास लिटर पाणी भरायला ब्याण्णव लिटरची टाकी आहे, मग काठोकाठ भरायचा हट्ट कशाला? पुढचा तबला किती जोरात येणार आहे हे माहीत नसतं, म्हणूनच ती वरची जागा रिकामी ठेवायची असते.

गंमत म्हणजे व्यावसायिक जगानं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. युरोपीय प्रसारकांनी जुन्या सरासरी लेव्हलची खूण डिजिटलच्या उणे १८ वर ठेवली, अमेरिकेत उणे २० वर. म्हणजे जुना काटा शून्यावर असताना वर १८-२० डेसिबल मोकळे. घरी बसलेल्या आपल्यापर्यंत मात्र ‘लाल पट्ट्यापर्यंत न्या’ एवढंच पोचलं, त्यामागचं यंत्र पोचलं नाही.

मग लेव्हल किती ठेवायची?

घरी गाणं रेकॉर्ड करत असाल किंवा जुनी टेप उतरवत असाल, तर मी आता हे पाळते:

१. २४ बिटवरच करा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे इयासाची, शिफारसही २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झची आहे. जुन्या टेपसाठी ९६ किलोहर्ट्झ.

२. समोर माणूस गात असेल तर त्याला सगळ्यात जोरातली तान घ्यायला सांगा आणि ती उणे १२ च्या आसपास येईल अशी लेव्हल लावा. माणसं प्रत्यक्ष गाताना चाचणीपेक्षा मोठ्यानं गातात, हे धरून चाला.

३. जुनी, नाजूक टेप असेल तर आधी चालवून बघायची चैन नाही. उणे १८ वर ठेवा आणि शांत बसा.

४. फोनवर मुलाखत घेताना ‘ऑटो’ बंद करता येत असेल तर करा. नसेल तर तसं लिहून ठेवा.

५. ऐकायला आवाज कमी वाटला तर नंतर प्रत काढून त्या प्रतीत वाढवा. मूळ फाईलला हात लावायचा नाही.

रेकॉर्डिंगची लेव्हल आणि ऐकतानाचा मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात पक्कं असू द्या. मोठेपणा मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ मध्ये ठरली. युरोपीय प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ लफ्स हे लक्ष्य घेतलं, स्पॉटिफाय साधारण उणे १४ वर सगळी गाणी आणून ठेवतं. त्याआधीची वीसेक वर्षं सीडीवर ‘माझं गाणं तुझ्यापेक्षा मोठं’ अशी चढाओढ चालली होती आणि तिच्यात जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्या आवृत्त्याही दाबून सपाट केल्या गेल्या. तेव्हा यूट्यूबवरची फाईल डाउनलोड करून त्यावरून गायकाच्या आवाजाची चढउतार मोजणार असाल, तर थांबा. त्या फाईलला किती हात लागलेत, हे आधी शोधा.

तुमच्या रिसर्चसाठी

मार्क कॅट्झ यांनी ‘कॅप्चरिंग साउंड’ (२००४) मध्ये रेकॉर्डिंगच्या यंत्रामुळे संगीत कसं बदलतं हे दाखवलं आहे. व्हायोलिनवादनातलं कंपन वाढण्यात रेकॉर्डिंगचा वाटा होता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मी तेच कॅसेटला लावायला गेले आणि एक पायरी गाळली. यंत्रामुळे गायक बदलतो, हे म्हणण्याआधी यंत्रामुळे फक्त टेप बदलली आहे का, हे तपासायला हवं होतं.

साधन कुठलंही असो, तीन प्रश्न विचारा. हे कुठल्या यंत्रानं, पद्धतीनं किंवा फॉर्मनं टिपलंय? त्या यंत्राला काय टिपता येत नव्हतं? आणि मी जे बघतोय किंवा ऐकतेय ते यंत्राबाहेरच्या एखाद्या गोष्टीनं तपासता येईल का? माझ्या बाबतीत तपासणी पेल्यानं केली. जनगणनेचे तक्ते, पोलिसांचे जबाब, शाळेचे पट, सगळ्यांना आपापला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल असतो. तुमच्या साधनातला पेला शोधा.

आणि तोंडी साक्ष तळटिपेत ढकलण्याआधी दोनदा विचार करा. टेप आणि माणूस यांच्यात मतभेद झाला, की आपण डोळे झाकून टेपची बाजू घेतो, कारण टेपला ग्राफ असतो.

साडेतीन पानांच्या जागी आता दीड पान आहे. त्यात काकांचं म्हणणं वर, मुख्य मजकुरात आहे आणि टू-इन-वनचं वर्णन त्याच्या खाली. ते दीड पान घेऊन मी परत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “काका, तुमचंच बरोबर होतं. ते खरंच हळू गायले होते.” ते वाचत होते, मान वर न करता म्हणाले, “अगं, मीच उठून पंखा बंद केला होता.”

अकरा मिनिटांचं मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला सांगणार आहे. तोवर तुमच्या घरात, मामाच्या माळ्यावर, शेजारच्या आजोबांच्या कपाटात कॅसेट असतील, तर त्या कुठल्या टेपरेकॉर्डरवर केल्या होत्या हे आजच विचारून कव्हरवर पेन्सिलनं लिहून ठेवा. टेप कदाचित टिकेल, पण हे सांगणारी माणसं कायम राहणार नाहीत.